मुष्टिफंड आणि पावसाळ्याची बेगमी

हा अंक हाती पडेल तेव्हा महाबळेश्वरातला स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला असेल. आणखी काही दिवसांनी वाफ्यांतली मजुरी थांबेल, पर्यटकांची गर्दी ओसरेल आणि त्या गर्दीवर पोट असलेल्या घोडेवाल्यांचा, टपरीवाल्यांचा, हॉटेलांतल्या कामगारांचा रोजगार आटेल. नेमका तेव्हाच डोंगर ढगांत जाईल. २०२१ च्या जुलैत इथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, घाटरस्ते खचले आणि कित्येक वाड्यांचा संपर्क तुटला. अशा दिवसांत घरात असेल तेवढेच अन्न खरे.

पोषणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आपण सर्वांनी, म्हणजे शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचतगट आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांनी, हे ऋतुचक्र समोर ठेवूनच अन्नबँकेचा विचार करायला हवा. डोंगरावर वैशाखात अन्न उतू जाते आणि आषाढात त्याच डोंगरावरच्या वाडीत डबे तळ गाठतात. वैशाखातले अन्न आषाढापर्यंत नेणे, हे इथल्या अन्नबँकेचे पहिले काम आहे.

जगातली पहिली अन्नबँक १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात उभी राहिली ती वाया जाणाऱ्या अन्नावर. आपल्याकडेही उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांतले चांगले, न उष्टावलेले अन्न सीझनमध्ये मजुरांच्या वस्तीवर जरूर पोहोचावे. पण शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते आषाढाला पुरणार नाही. शिवाय हॉटेले रिकामी झाली की हा झराच आटतो.

यापेक्षा भक्कम पाया आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधगावच्या विद्यार्थी आश्रमासाठी मुष्टिफंड उभा केला. दळणाच्या वेळी घरोघरच्या बायांनी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि त्यावर मुलांनी जेवायचे. पुढे कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली आणि अंगमेहनतीची कामेही त्यांनीच वाटून घेतली. धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. दाता आणि लाभार्थी अशा दोन रांगा तिथे नव्हत्या. ज्याच्याकडे धान्य होते त्याने मूठ दिली, ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याने हात दिले. आपल्या अन्नबँकेचा कणा हाच असला पाहिजे.

आता बँकेत काय ठेवायचे ते पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. ताटात कमी पडते ती डाळ, उसळ आणि भाजी. म्हणून वाळलेला वाघ्या घेवडा, पावटा आणि वाल साठवावा. नाचणीला सहसा कीड लागत नाही, ती कणगीत वर्षभर राहते. मे महिना वाळवणाचा. पापड-कुरडयांच्या जोडीला कोहळ्याचे सांडगे आणि वाळवलेली गवारही बँकेसाठी घालता येईल.

या साठ्याला जोड म्हणून शाळेच्या परसबागेचे वेळापत्रकही बदलावे लागेल. केंद्राने २०१९ मध्ये शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण बहुतेक ठिकाणी लागवड पावसाच्या तोंडावर होते. इथल्या धो धो पावसात मेथी-पालक कुजून जातात. त्यापेक्षा जानेवारीत लाल भोपळा लावा. पुरता पिकू द्या, देठासकट उतरवा आणि कोरड्या, हवेशीर माळ्यावर एकमेकांना न टेकता मांडा. तो पावसाळ्यातही भाजी देतो. पागोळ्यांखाली अळू लावा. बाकी वाफे गादीवाफेच असू द्यात, चराला उतार द्या. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात वाढलेल्या मुलांना हे हस्तकौशल्य घरूनच येते, त्यांनाच शिकवू द्या.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळा. बाग मुलांच्या शिक्षणासाठी आहे, तिची वेठ होता कामा नये. पहिले पीक त्यांच्याच पोषण आहाराच्या ताटात पडले पाहिजे. आणि बँकेतून धान्य नेणाऱ्याचा फोटो नको, नावाचे जाहीर वाचन नको. सुगीला त्यानेही एक मूठ परत टाकली की हिशेब पुरा झाला.

वाचकांनी या महिन्यात तीन कामे करावीत. मेच्या सुट्टीत बागेला पाणी घालण्याच्या पाळ्या वाडीवार ठरवा. महिला बचतगटाच्या बैठकीत मुष्टिफंडाचा ठराव मांडा. आणि पाऊस लागण्याआधी, रस्ता तुटला तरी चालत पोहोचता येईल अशा वाडीतल्या एका कोरड्या खोलीत अन्नबँकेचा साठा नेऊन ठेवा.