चाळणीतून पास, मग जुगार नाही?

सोन्याच्या खाणीचा शेअर ‘दहापट होणार’ ही टिप अंधेरी-जोगेश्वरीच्या कट्ट्यांवर नवी नाही. कंपनीवर व्याजाचं कर्ज नाही, म्हणजे हलाल, एवढ्यावर पगारातले पैसे लागतात.

मुंबई शेअर बाजारातली डेक्कन गोल्ड माइन्स घ्या. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरला तिने सोन्याचा शोध घेतला. खाणपट्ट्याचा अर्ज वर्षानुवर्षं रखडला आणि २०२१ च्या खनिज कायदा दुरुस्तीने असे प्रलंबित हक्कच संपवले. सोनं जमिनीतच!

शरिया चाळणी धंदा, कर्ज, व्याजाचं उत्पन्न बघते. खाणपट्टा हातात आहे का, हे नाही. ते न बघता लावलेला पैसा माझ्या मते जुगारच. टिप देणाऱ्याला आधी विचारा, खाणपट्टा मिळाला का? कंपनीचे खुलासे बीएसईच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात.