मार थांबेल ते बोलतो माणूस



'ब्लॅक फ्रायडे' मी पाहिला तो वस्तीतल्या एका पोराच्या खोलीवर. आठ-दहा जण, एक टीव्ही, दार लावलेलं. एस. हुसेन झैदींच्या पुस्तकावरून अनुराग कश्यपने केलेला सिनेमा. १२ मार्च १९९३ च्या दुपारी मुंबईत एकामागून एक बॉम्ब फुटले. २५७ माणसं मेली. ऑफिसात गेलेली, बसमध्ये बसलेली, पेट्रोल पंपावर उभी असलेली. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात कणभर दया नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी बोंब ठोकेल की हे देशद्रोह्यांचे वकील निघाले.

सिनेमात एका संशयिताच्या मागे पोलीस झोपडपट्टीतून धावतात. गटारावरून, पत्र्याखालून, बोळाबोळांतून. पोलिसांना धाप लागते, पोरं खदाखदा हसतात. त्या गल्ल्या आमच्या ओळखीच्या. मग चौकशीची खोली येते. पट्टे, लाथा, शिव्या. तेव्हा आमच्यातला एक पोरगा ओरडला, "हाण साल्याला! अजून हाण!"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. कारण दोन वर्षांपूर्वी याच पोराला कुणाचा तरी मोबाईल चोरला म्हणून चौकीवर नेलं होतं. तीन रात्री. तळपायावर पट्टा. आई डबा घेऊन बाहेर उभी, आत सोडत नव्हते. तिसऱ्या रात्री त्याने कबूल केलं. कुठे विकला, कितीला विकला, तेही सांगितलं. आठ दिवसांनी मोबाईल मालकाच्याच कपाटात सापडला. मी पोराला विचारलं, "अरे, चोरला नव्हतास तर हो का म्हणालास?" म्हणाला, "दादा, हो म्हटल्याबिगर थांबत नव्हते."

एवढंच शास्त्र आहे बघा त्या खोलीचं. मार खाऊन माणूस खरं बोलत नाही. मार थांबेल ते बोलतो.

हे इंग्रजालाही कळत होतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात त्याने लिहून ठेवलं की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. नव्या कायद्यातही तो नियम शाबूत आहे. पण १९८७ च्या टाडाने त्याला भोक पाडलं. एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली कोर्टात चालेल, असं केलं. १९९३ चा खटला याच टाडाखाली चालला. २००६-०७ मध्ये शंभर जण दोषी ठरले. टाडा १९९५ मध्येच संपला होता, पण ते भोक बुजलं नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्राने मोक्का आणला आणि त्यात तीच सोय ठेवली.

त्याचं फळ बघा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. संध्याकाळी घरी निघालेली १८० हून जास्त माणसं मेली. मोक्काखाली कबुल्या घेतल्या गेल्या. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि म्हटलं की त्या कबुल्या छळ करून घेतल्या होत्या. एक जण तर तोवर तुरुंगातच मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही.

आता "हाण साल्याला" म्हणणाऱ्यांनी मला एवढं सांगावं. लोकलमध्ये मेलेल्यांच्या बायकापोरांना काय मिळालं? एकोणीस वर्षं त्यांना सांगितलं, गुन्हेगार सापडले. मग उच्च न्यायालय म्हणतं, पुरावाच नाही. पट्टा चालवणाऱ्याने आरोपीला फसवलंच, पण मेलेल्यांनाही फसवलं. देशभक्ती म्हणून याला टाळ्या वाजवायच्या काय?

या सिनेमाचंही एक त्रांगडं आहे. २००५ मध्ये तो लागणार होता. आरोपींनी कोर्टात धाव घेतली की निकाल लागायच्या आधीच पडद्यावर आम्ही नावानिशी गुन्हेगार ठरतोय. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सिनेमा लागला तो ९ फेब्रुवारी २००७ ला. तेव्हा मी चिडलो होतो. लिहिणाऱ्याची, दाखवणाऱ्याची मुस्कटदाबी म्हणून. आज मला वाटतं, त्या आरोपींचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याला जो माणूस आवडत नाही त्यालाही निकाल लागेपर्यंत आरोपीच म्हणायचं, हे जड जातं. पण गेलंच पाहिजे.

कश्यपचं एक मात्र मानतो. त्याने मार लपवला नाही. आणि बॉम्बची गोष्ट सांगता सांगता शेवटी तो ६ डिसेंबर १९९२ कडे वळतो. ज्या तारखेला आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे असतो त्याच तारखेला मशीद पाडली. मग मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले. त्या खुन्यांपैकी शिक्षा झालेले किती? फारच थोडे. आयोगाचा १९९८ चा अहवाल धूळ खात पडला. एकाच शहरात दोन तराजू.

कुणी म्हणेल, दहशतवादाच्या कायद्याचं आपल्याला काय? सुधीर ढवळेंना विचारा. 'विद्रोही'चे संपादक, आपल्यासारखंच छोटं नियतकालिक चालवणारे. जानेवारी २०११ मध्ये यूएपीएखाली उचलले. चाळीस महिन्यांनी निर्दोष सुटले. जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा उचलले. जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला तोवर आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कायदा करताना नाव घेतात बॉम्बवाल्याचं. उचलायला येतात तेव्हा वस्तीतलाच पत्ता शोधत येतात.

घटनेचं २२ वं कलम वाचा. अटकेचं कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः ते घटना समितीत मांडलं. सज्जनाला त्याची गरज क्वचित पडते. ज्याच्यावर अख्खं गाव थुंकतंय त्यालाच पहिली पडते. आणि गाव कुणावर थुंकत आलंय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा वस्तीतलं पोरगं चौकीवर नेलं की रात्रीच जा. एकट्याने नको, दहा जण जा. नाव, वेळ, अटकेचं कारण लिहून घ्या. वकील उठवा. पोरगं आपल्या जातीचं नसलं, आपल्या धर्माचं नसलं तरी जा. आणि पडद्यावर पट्टा चालताना हात टाळीसाठी उठलाच तर खाली घ्या. आमच्या पोराने त्या रात्री घेतला होता. तळपाय पोटाशी ओढून तो उरलेला सिनेमा गप बघत बसला.

जयभीम.