जाळीतल्या फटी मोजा!

उल्हासनगरला कुणाकडे जायचं असेल तर पत्त्यात ‘कॅम्प नंबर तीन’ नाहीतर ‘कॅम्प नंबर पाच’ असं हमखास लिहिलेलं असतं. हा कॅम्प म्हणजे सुट्टीतला कॅम्प नव्हे, बरं का! दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची भली मोठी छावणी होती. लढाईवर जाणारे-येणारे सैनिक इथं मुक्कामाला थांबत. दोन हजारांवर बराकी होत्या. युद्ध संपलं, १९४७ साली फाळणी झाली आणि याच बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या शहराची कोनशिला बसवली आणि जवळच्या उल्हास नदीवरून छावणीचं झालं उल्हासनगर.

लोकलने दोन पावलं पुढे जा. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथल्याच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीचा २०२१ पासून ज्या सरकारी कंपनीत समावेश झाला, तीत लष्करी ट्रक बनवणारा जबलपूरचा वाहन कारखानाही आहे. आणखी पुढे बदलापूर. पूर्वी इथं फौजेचे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे लष्करी वाहनांशी या भागाचा संबंध पेट्रोलच्याही आधीचा म्हणायचा!

तर आज तुम्हाला एका अजब छंदाबद्दल सांगतो. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. काही माणसं मात्र जुन्या लष्करी गाड्या पाळतात. हो, पाळतातच! कारण अशी गाडी नुसती विकत घेऊन भागत नाही. तिला खाऊ घालावं लागतं, फिरवून आणावं लागतं आणि पावसाळ्यात जपावं लागतं.

यातली सगळ्यांची लाडकी म्हणजे महायुद्धातली जीप. अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती. आजच्या एखाद्या छोट्या मोटारीइतकीच! पण चारही चाकांना जोर, त्यामुळे चिखल असो की नदीचं पात्र, जीप निघालीच. स्टिअरिंग डावीकडे. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. पुढे पुढे तर किल्लीही काढून टाकली, साधा खटका बसवला. लढाईत किल्ली हरवली तर शोधत कोण बसणार? आणि पेट्रोलची टाकी कुठे, सांगा पाहू? थेट ड्रायव्हरच्या सीटखाली! पेट्रोल भरायचं तर आधी उठायचं, गादी उचलायची.

अशी जीप दिसली तर ती खरी युद्धातली की नंतरची, हे तुम्हीही ओळखू शकता. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला त्या नऊ असतात. युद्धानंतर सामान्य लोकांसाठी निघालेल्या जीपला सात. आपल्याकडे महिंद्र कंपनीने अमेरिकेहून सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली, तीही युद्धानंतरचीच. दुसरी खूण अजून मजेची. फोर्ड कंपनी आपल्या जीपच्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवायची. शाळेत डब्याच्या झाकणावर नाव घालतात ना, अगदी तस्सं! एकाच गाडीत काही बोल्ट ‘एफ’चे आणि काही बिनअक्षराचे निघाले, तर समजावं की कुठल्या तरी लष्करी वर्कशॉपमध्ये घाईघाईत हाताला लागेल तो बोल्ट बसवलेला आहे.

आता खरी अडचण सांगतो. पेट्रोल महाग झालं तशी आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या जीपची मूळ इंजिनं निघाली आणि डिझेल इंजिनं बसली. मूळ इंजिन गेलं भंगारात. मग रुंद टायर आले, चकचकीत बंपर आले, पत्रा कापून नवा जोडला गेला. ऐंशी वर्षं टिकलेली गाडी आठ दिवसांत नाहीशी होते, आणि मालक खुशीत सांगतो, ‘जीप नवी केली!’ गाडी त्याची, मर्जी त्याची, हे मान्य. पण मला विचाराल तर शिवाजी महाराजांच्या काळातल्या तलवारीला स्टीलची मूठ बसवण्यासारखंच हे आहे.

मग तुटलेला भाग मिळालाच नाही तर? तर लेथवाला गाठायचा. उल्हासनगरच्या मालाला ‘मेड इन यूएसए’ म्हणून हसायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हसा खुशाल. पण नमुना समोर ठेवून हुबेहूब वस्तू घडवणं हे हातातलं कसब आहे आणि छंदवाल्यांना नेमकं तेच लागतं. झिजलेल्या पितळी बुशचं माप घ्यायचं आणि तसाच नवा बनवायचा, यात खोटं काही नाही. मात्र कोणता भाग मूळचा आणि कोणता नवा, हे वहीत लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या मालकाची फसगत होत नाही.

आपल्या बाजूला या गाड्यांचा मोठा वैरी म्हणजे पाऊस. महायुद्धातल्या जीपच्या तळाशी लोखंडी पन्हळी असतात आणि त्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. लाकूड पाणी पितं, वाळायचं नाव घेत नाही, आणि वरचा पत्रा आतून गंजत जातो. वरून रंग झकास, खाली पाय ठेवला की भोक! म्हणून जाणकार माणूस आधी गाडीखाली शिरतो आणि मग बॉनेट उघडतो. दुसरा वैरी म्हणजे आळस. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. त्यामुळे नळ्या बदलाव्याच लागतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लष्करी जीपचं चाक दोन अर्ध्या भागांचं असतं. आतल्या गोलातले पाच नट चाक गाडीपासून सोडवायला, आणि बाहेरच्या गोलातले नट ते दोन भाग एकत्र धरायला. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर चाक स्फोट झाल्यासारखं उडतं. गॅरेजमध्ये बघायला गेलात तर हात मागे बांधून उभे राहा!

आई-बाबांनी हे वाचलं तर पहिला प्रश्न येणार, ‘कागदपत्रांचं काय?’ प्रश्न रास्त आहे. लष्कराने निकाली काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात. १९९९ पर्यंत जबलपूरला बनणाऱ्या ‘जोंगा’ अनेकांकडे अशाच आल्या. लिलावाचे कागद नसतील तर गाडी कितीही देखणी असो, तिच्याकडे पाठ फिरवावी. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क पडतं आणि ती दहा वर्षं चालते. मात्र ही गाडी रोज बाजारहाटाला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

आणि रंगाचं काय? इथंच गंमत आहे. मूळ रूप राखा म्हणतात, पण लष्करी गाडीचा मूळ रंग ऑलिव्ह ग्रीन, आणि मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणालाच लावता येत नाही! नियम बरोबरच आहे. उद्या कुणीही हिरवी जीप घेऊन छावणीच्या फाटकावर उभा राहील. म्हणून कुणी गाडी वाळूच्या रंगाची करतं, कुणी करडी. पण रंगवण्याआधी जुना रंग पॉलिश पेपरने अलगद घासला, की कांद्यासारखे एकेक थर निघत जातात. कधी बॉनेटवर पांढरी चांदणी उमटते, ती अमेरिकी सैन्याची. शहाणा छंदवाला अशा वेळी डॅशबोर्डच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हातभर नव्हे, वीतभर पत्रा तसाच सोडतो. तिथं तो नवा रंग लावत नाही.