हाक कोण मारणार?

आमच्या घरी कुत्री आली तेव्हा मी एसवायला होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात सापडली. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. आज ती १४ किलोची आहे. म्हणजे मांडीवर घ्यायला जड, पण पाहुण्यांनी घाबरून चप्पल शोधावी इतकीही मोठी नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवून आणलं की उरलेला दिवस बाईसाहेब सोफ्याखाली. अशा मध्यम मापाच्या, मध्यम उत्साहाच्या कुत्रीला मी नाव काय दिलं? नायमेरिया. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या आर्याच्या लांडगिणीचं.

इन्स्टावर सगळ्यांना ते जाम आवडलं. घरात मात्र पहिल्याच दिवशी त्याची वाट लागली. बाबा 'मेरी' म्हणायला लागले, आई 'निमू', आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, त्या न्यूमोनियाला पोळी घातलीस का?"

मी चिडले. महिनाभर सगळ्यांचे उच्चार सुधारत फिरले. आता वाटतं, चूक माझीच होती. आणि आत्ता ग्रुपवर नावाचा पोल टाकून बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तीच चूक चालली आहे. आपण नाव निवडतो ते दिसायला कसं आहे यावरून. कुत्र्याचं नाव मात्र वाचायचं नसतं, हाक मारायचं असतं. तेही रोज, पंचवीस वेळा.

कुत्र्याला अवघड नाव कळत नाही, असं मात्र नाही हं. अमेरिकेत चेसर नावाची एक बॉर्डर कॉली होती. मानसशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी, जॉन पिली यांनी, तिला १०२२ खेळण्यांची नावं वेगवेगळी ओळखायला शिकवलं होतं. प्रश्न कुत्र्याच्या डोक्याचा नाहीच, आपल्या जिभेचा आहे. एकाच घरात चार जण चार नावांनी बोलवत असतील, तर त्या बिचाऱ्या जीवाने वळायचं कधी?

म्हणून माझी पहिली परीक्षा सोपी आहे. गच्चीत जा आणि ठरवलेलं नाव तीनदा जोरात ओरडून बघा. मोत्या, वाघ्या, शेरू, राणी, टॉमी या नावांचा शेवट लांबवता येतो. 'मोत्याऽऽऽ' ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत पोचते. 'मॅक्स' लांबवून दाखवा बरं. शिवाय नाव रोजच्या हुकमांशी भांडायला नको. माझ्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं नाव कोको आहे. चपलेला तोंड लावलं की आख्खं घर "कोको, नको! नको, कोको!" करत असतं आणि तो शेपूट हलवत बघत बसतो. त्याच्या कानाला दोन्ही सारखंच.

नाव मराठीच हवं, असा माझा आग्रह नाही. टॉमी आणि टायगर कित्येक पिढ्या आपल्याकडे राहून आता आपलेच झालेत. (गंमत एवढीच, की ज्या घरात कुणी इंग्रजीत बोलत नाही तिथेही कुत्र्याला 'कम, सिट, गो' असतं. गाईशी मात्र आपण मराठीतच बोलतो.)

नावाला अर्थ हवा, म्हणून काही जण संस्कृत शब्दकोशात शिरतात. अर्थ नंतर येतो हो. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुत्र्यांपैकी एकाचं नाव होतं हाची, म्हणजे जपानीत 'आठ'. बस, एक आकडा! त्याचे मालक १९२५मध्ये गेले, तरी तो जवळजवळ दहा वर्षं टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला. १९५७मध्ये रशियाने अंतराळात पाठवलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. तिचं आधीचं एक नाव होतं कुद्र्याव्का, म्हणजे साधारण आपल्या 'कुरळी'सारखं. लायका म्हणजे भुंकणारी. आजूबाजूच्या माणसांना जे दिसलं, ऐकू आलं, त्यावरून पडलेली ही नावं. कुणी पोल घेतला नव्हता.

आणि एक गोष्ट, जी गंमत म्हणून सोडून देता येत नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी गेटवरच्या कुत्र्याचं नाव 'बहादूर' ठेवलं. तिथले वॉचमनकाका नेपाळचे. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण येणारा-जाणारा त्यांना बहादूरच म्हणतो. एकदा कुणीतरी "ए बहादूर, इकडे ये" असं ओरडलं, तर काका आणि कुत्रा दोघंही वळले. मुलं खो खो हसली. काकाही थोडंसं हसले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मीही तिथे होते, मीही काही बोलले नाही. काळ्या कुत्र्याला वर्गातल्या सावळ्या मुलाचं नाव, जाड्या कुत्र्याला एखाद्या मॅडमचं नाव, हे प्रकार तुम्हीही पाहिले असतील. कुत्र्याचा यात काहीच अपमान होत नाही. ज्याचं नाव घेतलं त्याला मात्र ते रोज ऐकावं लागतं. हाक मारणाऱ्याइतकाच हाक ऐकणाऱ्याचाही विचार हवा, आणि ऐकणारा फक्त कुत्रा नसतो.

आता मूळ मुद्दा. कुत्रं घरात आणतं कोण? बहुतेक वेळा आपणच, कॉलेजच्या वयात, हट्ट करून. आणि दोन-तीन वर्षांत घराबाहेर पडतं कोण? तेही आपणच. कुत्रं मात्र बारा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे तुम्ही ठेवलेल्या नावाने उरलेली दहा वर्षं हाक मारणार तुमची आई, बाबा, आजी, कामाला येणाऱ्या मावशी. मग नाव ठरवताना त्यांचं मत आधी घ्यायला नको? तुम्हाला आवडलेलं नाव आजीकडून पाच वेळा म्हणवून घ्या. पाचव्या वेळी तिला हसू फुटलं, तर दुसरं शोधा.

मी हे केलं नाही. जुलैपासून मी बंगळुरूला आहे. डॉक्टरांकडच्या लसीकरणाच्या कार्डावर अजून 'नायमेरिया' असंच लिहिलेलं आहे, स्पेलिंगसुद्धा मीच सांगितलं होतं. परवा व्हिडिओ कॉलवर आईने फोन तिच्यासमोर धरला. मी दोनदा, तीनदा हाक मारली. उभा कान जरासा हलला, बस.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "ठमेऽऽऽ!" आणि स्क्रीनवर नुसता सोफा उरला.