घड्याळाचा मोडका कान

रविवार कारंज्याजवळ एका हातगाडीवर मला जुने एचएमटी ‘जनता’ मिळाले. चावी दिली की टिकटिकत होते. पण केसचा एक कान मुळापासून मोडलेला, त्यामुळे पट्टा अडकवायची सोयच नाही. मागच्या झाकणावर कुणी तरी टोकदार हत्याराने कोरलेली दोन अक्षरे होती, ‘द. वि.’, आणि खाली १९७१.

घड्याळजी काकांनी भिंगातून पाहिले. म्हणाले, ‘‘साहेब, केसच बदलून टाकू. झाकणासकट. दहा मिनिटांचं काम आहे.’’

सल्ला व्यवहाराला धरून होता. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तेव्हापासून एका घड्याळाला जगवायचे तर दुसरे खोलावे लागते. पण केस गेली, झाकण गेले, तर ‘द. वि.’ कुठे राहिले? ते कोण, हे मला ठाऊक नाही. कुणाचा पहिला पगार असेल, कुणाला सासऱ्यांनी दिलेले असेल. माझ्या हातून ते पुसले जावे, हे मात्र मनाला पटेना.

शेवटी सराफ बाजारातल्या एका कारागिराने हे काम अंगावर घेतले. घामातले क्षार क्रोमचा मुलामा उडाला की खालचे पितळ खातात, आणि पिनेच्या भोकापाशी धातू आधीच पातळ असतो. कान तिथूनच गेला होता. काकांनी आधी मशीन, डायल, काच सगळे बाहेर काढून दिले, कारण आच लागली तर त्यातले काहीच उरले नसते. कारागिराने पितळेचा तुकडा कानशीने घासून कान घडवला, टाकणखार लावला आणि चांदीचा डाग दिला. (सोनाराच्या भाषेत डाग म्हणजे सांधा, आपण उगाच त्या शब्दाला नावे ठेवतो.) हा डाग पितळाच्या थोडा अलीकडेच वितळतो. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली असती, तर दुसरा कानही हातचा गेला असता. मी श्वास रोखून उभा होतो. तो मात्र शेजाऱ्याशी गोदावरीच्या पुरावर बोलत होता.

पुढे मुलाम्याचा प्रश्न आला. नवे क्रोम चढवायचे तर आधी सगळी केस बफवर घासावी लागते. खड्डे जातात, तशा मूळ कडाही जातात आणि घड्याळ चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत होते. जुनी घड्याळे डायल रंगवून, चकाचक करून ‘नव्यासारखी’ विकणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. मी मुलामा नको म्हटले. झाकणाला तर फडकेसुद्धा जपून लावले.

घरी मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, एक कान पिवळाच दिसतोय.’’

दिसतो खरा. पट्टा मात्र पक्का बसला आहे. रोज सकाळी चहाआधी चावी देतो. संध्याकाळपर्यंत ते दोन मिनिटे पुढे गेलेले असते. तेवढ्यासाठी काकांकडे पुन्हा एक खेप आहेच.