दुःख मँचेस्टरचं असेल तरच ‘आर्ट’?

‘जॉय डिव्हिजन’वरची २००७ची डॉक्युमेंटरी पुण्यातल्या आम्हा आयटीवाल्या रॉकप्रेमींना तोंडपाठ. इयान कर्टिसच्या आत्महत्येपाशी सगळे गप्प होतात. ‘जय भीम कॉम्रेड’ सुचवली की मात्र, ‘फार पॉलिटिकल आहे रे!’

का? १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. आनंद पटवर्धन चौदा वर्षं त्या जखमेमागे फिरले. २०११ला फिल्म आली. तीत आपल्याच पुण्याचा कबीर कला मंच गातो. कर्टिसचं दुःख कला आणि घोगरेंचं राजकारण, ही वाटणी केली कुणी? टेस्ट कसली, जातच आहे ती.

मार्केट यार्डात राहतो मी. इथं पोती वाहणाऱ्या हमालाला त्या शाहिरीचा शब्द न् शब्द कळेल. सबटायटल्स लागतील आम्हालाच.