घडलं ते अर्जात लिहा

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर उडायला शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना ही कळकळीची विनंती आहे.

दोनशे तासांचं उड्डाण होतं, लायसन्स हातात येतं आणि मग एअरलाइनचा अर्ज समोर येतो. त्यात विचारलेलं असतं, आजवर तुमच्याकडून एखादा अपघात किंवा घटना झाली आहे का? कधी सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, गेलं असताना विमान धावपट्टी सोडून गवतात गेलेलं असतं, नाहीतर उतरताना शेपूट घासलेली असते. घरी कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. अशा वेळी एखादा सीनियर सांगतो, 'नाही' लिहून मोकळा हो, कोण बघतंय?

बघतात. शेपूट घासली की विमानाची तपासणी होते, तिचे कागद होतात. संस्थेकडे अहवाल असतो, गंभीर घटना डीजीसीएपर्यंत, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापर्यंत जाते. तुम्ही लॉगबुकात काहीही लिहा, ही कागदपत्रं कुठं जात नाहीत. त्यातून पुढे जे उघडं पडतं ते खोटं बोलणं असतं, आणि कंपनीला तेच माफ करता येत नाही. गवतात गेलेलं विमान बहुतेकदा माफ होतं.

लपवलेलं कुठवर जाऊ शकतं ते बघा. २३ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेत टेक्सासमध्ये ॲटलस एअरचं मालवाहू बोईंग ७६७ कोसळलं, तिघं गेले. उतरताना चुकून गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, सुरू झालं, को-पायलट गोंधळला आणि त्याने विमानाचं नाक खाली दाबलं. आधीच्या नोकऱ्यांमधल्या प्रशिक्षणात तो वारंवार नापास झाला होता, आणि ते त्याने लपवलं होतं, असं चौकशीत निघालं. कंपनीला हे आधी कळलं असतं तर?

लिहायचं कसं? चार ओळी पुरतात. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, काय झालं, नंतर कोणतं प्रशिक्षण घेतलं. 'आडव्या वाऱ्यात उतरताना दिशा राखता आली नाही, विमान डावीकडे गवतात गेलं, इजा नाही. त्यानंतर प्रशिक्षकासोबत आडव्या वाऱ्याचा सराव केला.' बस. वाऱ्यावर, इन्स्ट्रक्टरवर ढकलू नका. प्रश्न नीट वाचा. जे विचारलं त्याचंच उत्तर द्या. आपली गोष्ट 'घटना' ठरते की नाही हे कळत नसेल तर मुख्य प्रशिक्षकांना लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

आईवडिलांनो, पोर घाबरून फोन करतं तेव्हा 'कुणाला सांगू नको' म्हणू नका. आधी लागलं तर नाही ना ते विचारा, मग अहवालाची प्रत मागून घ्यायला सांगा.

आणि 'नाही' लिहून अर्ज गेलाच असेल, तर मुलाखतीची वाट बघू नका. आजच भरती विभागाला मेल करा, अर्जातलं उत्तर चुकलं आहे असं स्पष्ट लिहा आणि अहवाल सोबत जोडा.